गुप्तेभावजींची भिंत आणि दादूचा परवाना

माझ्या पारायणाच्या घंटेला लेखी हरकत घेणारे या जगात एकच गृहस्थ झाले, ते म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे दिनानाथ गुप्ते. आम्ही पनवेलला पारिजात सोसायटीत राहायला आलो त्याच वर्षी मी गुरुचरित्राचा सप्ताह केला. दोन दिवस होतात न होतात तोच दाराखालून एक कागद आत सरकला. 'पहाटेच्या घंटानादामुळे खालील सदनिकाधारकाच्या निद्रेस बाधा येत आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' खाली सही, तारीख आणि 'प्रत माहितीसाठी : सचिव, पारिजात सोसायटी'. मी घाबरून घंटा पदरात गुंडाळून वाजवली, म्हणजे ती वाजलीच नाही. समाप्तीच्या दिवशी हेच गृहस्थ इस्त्रीचा झब्बा घालून पहिल्या पंगतीला हजर. घेवड्याची भाजी दोनदा मागून घेतली. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "वहिनी, हरकत घंटेला होती. दत्तगुरूंना नव्हती."

तेव्हापासून मी त्यांना भावजी म्हणते.

भावजी मुंबईला एका विमा कंपनीत दावे तपासायच्या टेबलावर होते. समोर येईल त्या कागदातली खोट शोधायची, एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं. निवृत्त झाल्यावर कागद यायचे थांबले, पण खोट शोधायची सवय कुठे जाणार? मग ते स्वतःच कागद करायला लागले. गणपतीच्या मांडवाचा बांबू रस्त्यावर आला म्हणून हरकत, पुढच्या वर्षी मंडळाने कंटाळून मांडवच घातला नाही तर परंपरा मोडली म्हणून हरकत. वरच्या मजल्यावरच्यांच्या छत्रीवजा अँटेनाला हरकत, तिच्यावर बसणाऱ्या कबुतरांना वेगळी हरकत. नगरपालिकेच्या आवक खिडकीवर त्यांना नाव सांगावं लागत नसे. तिथला माणूस त्यांना लांबून बघूनच शिक्का शाईत बुडवून ठेवी. उत्तर मात्र दर वेळी एकच येई, की आपला अर्ज विचाराधीन आहे. भावजी ते फाइलला लावत आणि घरी सांगत, "विचार चालू आहे त्यांचा."

घरी म्हणजे सुनीतावहिनींना. वहिनी अगदी गरीब स्वभावाच्या. आमटीत मीठ कमी पडलं, नळाला पाणी आलं नाही, नवरा आमटीवर आणि नळावर दोन्हीवर बोलत बसला, तरी यांचा आवाज चढायचा नाही. एका घरात एवढ्या हरकती पुरे झाल्या, असं त्या हसून म्हणायच्या. भाविक म्हणाल तर माझ्याहून जास्त. रोज सकाळी देवळात जाणार म्हणजे जाणार.

आमचं दत्ताचं देऊळ सोसायटीच्या मागच्या गल्लीत आहे. ही गल्ली मोहल्ल्याची. गल्लीच्या तोंडाशी देऊळ, त्याला लागून सुरैय्याभाभींचं घर, आणि त्यांच्या अंगणाला पाठ लावून आमच्या सोसायटीचं मागचं आवार. मध्ये पूर्वी तारेचं कुंपण होतं, ते कधीच आडवं झालेलं. आम्ही बायका त्या खिंडारातून चार पावलांत देवळात जायचो. आणि त्याच खिंडारातून भाभींची शेळी आमच्याकडे यायची. भाभींचे अब्दुल्लाभाई कुवेतला. भाभी आणि शेळी, दोघी इथे. त्यामुळे शेळीचे लाड फार. ती येऊन नेमकी भावजींच्या जास्वंदीच्या कळ्या खायची. पानं नाही, गवत नाही, उद्या गणपतीला वाहायच्या म्हणून भावजींनी आदल्या संध्याकाळी हेरून ठेवलेल्या कळ्याच.

भावजींनी कुंपणाच्या जागी पक्की भिंत मिळावी म्हणून अर्जांचा सपाटा लावला. वर्षं गेली. जास्वंदीच्या दोन पिढ्या शेळीच्या पोटात गेल्या, शेळीचीही एक पिढी बदलली, आणि एक दिवस खरोखरच नगरपालिकेचा ट्रक विटा घेऊन आला. भावजींच्या आयुष्यात मंजूर झालेली ही एकुलती एक हरकत. भिंत बांधून झाली तर भावजी म्हणाले, ठेंगणी आहे, शेळी मागच्या पायांवर उभी राहिली की तोंड पोचतं. पुन्हा अर्ज, पुन्हा माणसं आली आणि वर आणखी दोन थर चढवून गेली. भावजींनी भिंतीला पांढरा रंग काढला, कडेने जास्वंदीची रांग लावली. पाहुणे आले की चहाच्या आधी भिंत दाखवायचे. एखाद्याने ताजमहालासमोर उभं करावं तसं पाहुण्यांना भिंतीसमोर उभं करत.

आम्हा बायकांची मात्र पंचाईत झाली. देवळात जायचं तर सोसायटीच्या पुढच्या फाटकातून मोठ्या रस्त्यावर, तिथून रिक्षा स्टँड, पुढे मासळीवाल्या बसतात तो कोपरा, आणि मग वळून मागची गल्ली. गुडघे धरत, पदर सावरत, नैवेद्य झाकत मी ती वाट चालायची. यात एक गोष्ट मला कळत नसे. सुनीतावहिनी माझ्यानंतर घरातून निघायच्या. मी फाटकातून बाहेर पडताना त्या खिडकीत केस विंचरत असायच्या. आणि मी देवळात पोचावं तर या आधीच पोचून प्रदक्षिणेला लागलेल्या. वाटेत मला ओलांडून गेलेल्या कधी दिसल्या नाहीत. मी ते त्यांच्या पुण्याईवर टाकलं होतं. मनोभावे सेवा करणाऱ्याची वाट महाराज कमी करतात, असं मी माझ्या सुनेलाही सांगितलं होतं.

आता दादू.

भावजींच्या घराच्या बरोबर खाली रस्त्याकडचा गाळा आहे. तिथे आधी सायकलींचं दुकान होतं, मग झेरॉक्सचं, आणि मग नेरे गावाकडच्या दादूने तिथे फॅमिली रेस्टॉरंट काढलं. वडिलांनी फार्महाऊसवाल्यांना जमीन दिली, त्यातून हे उभं राहिलेलं. मुलगा तसा चांगला. सोसायटीच्या हळदीकुंकवाला खुर्च्या फुकट द्यायचा, भावजींना काका म्हणायचा. तळलेल्या बोंबलाच्या वासाला भावजींनी हरकत घेतली तेव्हा त्याने भांडण केलं नाही, एक ताट वर पाठवून दिलं. भावजी गुप्ते पडले, ते बोंबील परत कसे पाठवणार. हरकत मागे घेतली नाही, पण पुढे रेटलीही नाही.

दोन हजार नऊ सालच्या कार्तिकात त्याच दादूच्या काचेवर कागद लागला. रेस्टॉरंटला जोडून परमिट रूम काढायची आहे, परवान्यासाठी नगरपालिकेचा ना-हरकत दाखला मागितला आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावी. खाली नियोजित नाव: 'दत्तकृपा बार अँड रेस्टॉरंट'.

मी नाव वाचूनच खाली बसले. भावजी मात्र तो कागद तीनदा वाचून लग्नपत्रिकेत आपलं नाव आल्यासारखे उभे राहिले. नगरपालिका स्वतः होऊन 'हरकत असल्यास कळवावी' म्हणते आहे, असं निमंत्रण त्यांना जन्मात आलं नव्हतं.

पण घरी गेल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मी त्या दिवशी त्यांच्याकडे वाटीभर सुंठ मागायला गेले होते. भावजींची बैठकीची खोली नेमकी त्या गाळ्यावर. ते जमिनीकडे बोट दाखवून म्हणाले, की पहाटे दूधवाला येईपर्यंत खाली बरळणं ऐकायचं, जिन्यात ओकाऱ्या, आणि सुनीताने सकाळी एकटीने त्यातून वाट काढत देवळात जायचं. घर विकून दुसरीकडे जायचं तर बारच्या डोक्यावरचं घर घेणार कोण? या वयात आता कुठे जाऊ, असं ते पहिल्यांदाच खालच्या आवाजात बोलले. वहिनी सुंठ काढून देत होत्या.

गच्चीवर सोसायटीची सभा भरली. बायका एकमताने विरोधात. पुरुषांपैकी काहीजण विषय निघाल्यापासून चंद्राकडे बघत होते. आमच्या ह्यांनी तर बिअरसुद्धा यातच धरतात का, असा प्रश्न काढला, आणि तो त्यांनी का काढला हे मी त्यांना घरी आल्यावर बरेच दिवस विचारत होते. आमचे नगरसेवक भगवानशेठही आले होते. ते दादूचे मावसभाऊ, आणि मतं मात्र आमची हवीत. त्यांनी आम्हाला सांगितलं, तुमचं बराबर हाय. खाली जाऊन दादूला सांगितलं, तुजं बी काय चुकीचं नाय. सुरैय्याभाभींनी मोहल्ल्यातल्या बायकांच्या सह्या आणल्या होत्या. तुमच्या दारातून झिंगून बाहेर पडलेला माणूस शेवटी आमच्याच गल्लीत येऊन आडवा होणार, असं त्यांचं म्हणणं.

नावावर घेतलेली पहिली हरकत लगेच लागू पडली. दादू स्वतः माझ्याकडे येऊन कानाला हात लावून गेला. म्हणाला, काकी, देवाचा अपमान करायचा इरादा नवता, देऊल जवल हाय म्हनून नाव घातला. दुसऱ्या दिवशी काचेवर 'निसर्ग बार अँड रेस्टॉरंट' लागलं. नाव गेलं, बार राहिला.

पण देऊळ जवळ आहे हे वाक्य भावजींनी माझ्याकडून ऐकलं आणि ते उठलेच. दोन दिवस नियम वाचत बसले. त्यात निघालं, की नोंदणी झालेल्या देवस्थानापासून पंचाहत्तर मीटरच्या आत परमिट रूमला परवाना मिळत नाही. देवळाचा ट्रस्ट जुना आणि रीतसर नोंदलेला. भावजींनी नकाशा मिळवला, त्यावर पट्टी ठेवली, दादूच्या दारापासून देवळाच्या दारापर्यंत रेघ मारली, आणि अंतर निम्म्याच्या थोडंच वर भरलं. मग त्यांनी आयुष्यातला सर्वात सुंदर अर्ज लिहिला. सोसायटीत पेढे वाटले. एक पेढा दादूलाही दिला. त्याने नमस्कार करून खाल्ला.

मोजणीला माणसं आली ती मार्गशीर्षातल्या गुरुवारी. उत्पादन शुल्क खात्याचे एक निरीक्षक, नगरपालिकेचा एक कारकून आणि टेप धरायला शिपाई. भगवानशेठ दोन्ही बाजूंच्या मध्ये उभे. भावजींनी स्वतःची टेपही आणली होती, सरकारी टेप ताणली जाऊन लांबते असा त्यांना संशय होता. दादूच्या दाराच्या मध्यावर टेपचं टोक धरलं आणि भावजी पुढे होऊन वाट दाखवायला लागले. या साहेब, असे या, हे आमचं फाटक, हा बाजूचा बोळ, हे मागचं आवार. शिपाई टेप सोडत मागून, निरीक्षक त्याच्या मागून, सोसायटी निरीक्षकांच्या मागून. आणि सगळी मिरवणूक जास्वंदीच्या रांगेपाशी येऊन थांबली.

समोर भिंत होती. पांढरीशुभ्र, दोन थर चढवलेली.

"पुढे?" निरीक्षकांनी विचारलं.

भावजी म्हणाले, पुढे काय, भिंतीपलीकडे देऊळच. नकाशावर सरळ रेघ येते. निरीक्षक शांत माणूस होता. त्यांनी भावजींचाच अर्ज उलटला आणि त्यांनीच जोडलेल्या नियमातली पुढची ओळ वाचून दाखवली. अंतर सरळ रेघेत मोजायचं नसतं. पायी जाणारा माणूस सर्वसाधारणपणे ज्या जवळच्या वाटेने जातो, त्या वाटेने मोजायचं. जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांतली दुसरी ओळ हुडकणाऱ्या भावजींनी आपल्या कागदातली दुसरी ओळ वाचली नव्हती.

दादू मागे उभा होता. त्याच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "काका, ही भिंत तुमीच बांदून घेतली ना?"

मग सगळे मोठ्या रस्त्याने निघाले. रिक्षा स्टँड, मासळीवाल्यांचा कोपरा, वळण, गल्ली. मी रोज चालते ती वाट किती लांब आहे हे सरकारने मोजावं असं मला कधीपासून वाटत होतं, पण असं नव्हे. देवळाच्या दाराशी टेप पोचली तेव्हा आकडा पंचाहत्तरच्या दुपटीला जाऊन भिडला होता. निरीक्षक परत आवारात आले आणि लिहायला जास्वंदीजवळच्या ओट्यावर बसले. भावजी भिंतीकडे बघत उभे होते. आपल्याच मुलाने कोर्टात विरुद्ध साक्ष द्यावी, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

तेवढ्यात सुनीतावहिनी जिन्यावरून खाली आल्या. हातात झाकलेलं ताट. निरीक्षकांसमोर येऊन थांबल्या.

"साहेब, लिहू नका जरा. मी रोज इथूनच जाते."

भावजी म्हणाले, "कुठून?"

वहिनींनी पदर खोचला, चपला काढून कोपऱ्यात नीट जोडीने ठेवल्या, आणि पाण्याच्या टाकीमागे हात घालून एक लाकडी स्टूल बाहेर काढलं. ते स्टूल मी त्यांच्या स्वयंपाकघरातून हरवल्याचं ऐकलं होतं. भावजींनी त्याबद्दल सोसायटीत चोरी झाल्याचा अर्जही दिला होता. वहिनींनी ते भिंतीला लावलं आणि हाक मारली, "भाभी."

पलीकडून डोकं वर आलं. "आले, आले. या खुदा, आज तर आख्खी कचेरीच घेऊन आलात वहिनी." भाभींनी भिंतीवरून दोन्ही हात पुढे केले, नैवेद्याचं ताट वरच्यावर घेतलं, आणि वहिनी एक पाय स्टुलावर, एक गुडघा भिंतीवर असं करत वर चढून बसल्या. मग पलीकडे पाय सोडून त्या दिसेनाशा झाल्या. सगळं इतक्या सरावाने झालं, दूध उतू जायच्या आत गॅस बंद करावा तसं. क्षणभराने देवळातली घंटा वाजली.

माझी पुण्याईची समजूत त्या घंटेबरोबर गेली.

निरीक्षक पेन हातात धरून बसले होते. म्हणाले, एक बाई म्हणजे सर्वसाधारण पादचारी होत नाही. हे ऐकून दोन्ही गल्ल्यांत धुणीभांडी करणारी गंगाबाई पुढे झाली. ती म्हणाली, साहेब, आमी काय सगला पनवेल फिरून पलीकरची भांडी घासाया जावाचा? आणि बादलीसकट भिंत ओलांडून गेली. तिच्यामागून दुसऱ्या मजल्यावरची कादंबरी गेली, तिच्या सासूबाई अर्ध्यावर अडकल्या त्यांना भाभींनी ओढून घेतलं. तेवढ्यात देवळातून वहिनी भिंतीवरून परत येत होत्या, म्हणजे वर रहदारीचा खोळंबा झाला. शिपाई टेप सोडून उतरणाऱ्यांना हात द्यायला लागला. मला म्हणाल तर मी स्टुलावर एक पाय ठेवला, महाराजांचं नाव घेतलं, आणि पाय पुन्हा खाली घेतला. माझ्या गुडघ्यांनीच हरकत घेतली होती.

भगवानशेठ निरीक्षकांच्या कानाशी म्हणाले, ह्ये सगले मतदार हायेत, जरा बगा. निरीक्षक उठले. म्हणाले, ठीक आहे, माणसं जातात हे दिसलं. पण मग जशी जातात तशीच वाट मोजायची. टेप भिंतीशी आली की भिंतीवर चढवायची, माथ्यावरून पलीकडे उतरवायची आणि पुढे न्यायची.

शिपाई स्टुलावर चढला, टेप वर गेली, पलीकडे भाभींनी ती खाली खेचली, शेळीने मध्येच तिचं टोक चावून बघितलं, आणि टेप देवळाच्या दाराला लागली. निरीक्षकांनी आकडा दोनदा बघितला. पंचाहत्तर मीटर आणि वर वीतभर.

सगळ्यांचे डोळे भिंतीच्या माथ्यावरच्या त्या दोन थरांवर गेले. ते थर नसते तर टेप तेवढी कमी चढली असती आणि तेवढीच कमी उतरली असती. भावजींनीही तोच हिशेब केला होता. ते ओट्यावर बसले.

निरीक्षकांनी मग माणुसकीने सांगितलं, की मी आज जे आहे ते लिहिणार. पण नगरपालिकेची सभा पुढच्या महिन्यात आहे. तोपर्यंत इथे रीतसर फाटक झालं, तर फेरमोजणी मागा. भगवानशेठनी मान डोलावली आणि वर पुस्ती जोडली. "काका, येक अरचन हाय. ही भिंत तुमच्या हरकतीवर झालेली. ती हरकत तुमी उठवल्याबिगार हिला कुनी हात लावनार नाय. तसा लेखी ना-हरकत द्यावा लागंल."

त्या दिवसापासून भावजी वहिनींशी बोलेनात. घरात दोन माणसं, त्यामुळे मला खालून बोलावणं यायचं. दोघांच्या मध्ये मी बसायची. भावजी मला म्हणायचे, तुमच्या मैत्रिणीला विचारा, हे कधीपासून चालू आहे. वहिनी मला म्हणायच्या, ह्यांना सांगा, भिंतीचं सिमेंट ओलं होतं तेव्हापासून. भावजींना तेव्हा आठवलं, की नव्या भिंतीच्या माथ्यावर गिलाव्यात एक खड्डा पडला होता आणि त्यावरून त्यांनी ठेकेदाराविरुद्ध निकृष्ट कामाची तक्रार केली होती. तो वहिनींच्या पायाचा अंगठा होता.

"ठेकेदाराने तो दोनदा बुजवला," भावजी मला म्हणाले.

"दोनदा पाय पडला," वहिनी मला म्हणाल्या.

मला हसू आवरेना, पण भावजींकडे बघून मी पोटातच ठेवलं. त्यांचं दुःख खरं होतं. त्यांनी किती कागद पाठवले आणि त्यातून एक गोष्ट उभी राहिली, तीसुद्धा कोणी मानत नव्हतं, बायको धरून. आता तीच मोडा म्हणून आपल्याच सहीने लिहून द्यायचं. आणि न द्यावं तर खाली बार. सभेचा दिवस जवळ येत चालला, दादूने फर्निचरवाल्याला बोलावून उंच खुर्च्यांचं माप दिलं, आणि भावजींचा कागद कोराच.

शेवटी दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी वहिनी पहिल्यांदा माझ्याकडे न बघता सरळ त्यांच्याशी बोलल्या. "बार आला तर तुम्हाला झोप नाही. भिंत राहिली तर एक दिवस मी स्टुलावरून पडणार, मग मला झोप नाही. दोन्हींतली कुठली हरकत आधी घ्यायची ते तुम्हीच ठरवा. तुमचं खातं आहे ते."

भावजींनी कोरा कागद पुढे ओढला. मग त्यांनी मला विचारलं, की ना-हरकत कशी लिहितात. थट्टा नव्हती ती. मी रोज काहीबाही लिहीत असते म्हणून विचारलं असेल. या माणसाला 'हरकत आहे'चे शंभर मायने पाठ होते, पण 'नाही'ची सुरुवात येत नव्हती. मी म्हटलं, भावजी, फार काही नसतं, माझी हरकत नाही एवढं लिहायचं आणि सही करायची. त्यांनी तेवढं लिहिलं. बघत राहिले. मग पेन थांबेना. फाटक सोसायटीच्या बाजूला उघडावं. बिजागऱ्यांना तेल असावं. फाटकास वरून खाली अशा सळ्या असाव्यात व दोन सळ्यांतील अंतर शेळीच्या मुंडक्यापेक्षा कमी असावं. पानाच्या पाठीवरही मजकूर गेला. प्रत माहितीसाठी सुरैय्याभाभींना.

फाटक झालं. त्यातून पहिली शेळी आली, कारण सळ्या ठेकेदाराने उभ्याऐवजी आडव्या बसवल्या होत्या आणि ती त्यांवर पाय देऊन चढली. फेरमोजणी झाली, टेप भिंतीवर न चढता सरळ गेली आणि पंचाहत्तरच्या आत राहिली. नगरपालिकेच्या सभेत दादूचा ना-हरकत दाखला नामंजूर झाला. मताच्या वेळी भगवानशेठ चहा प्यायला बाहेर गेले होते, त्यामुळे ते आजही दोन्ही बाजूंचे आहेत. दादूने उंच खुर्च्यांचे पैसे बुडाले म्हणून चार दिवस तोंड फिरवलं, मग त्याच खुर्च्यांचे पाय कापून घेतले आणि रेस्टॉरंटमध्ये टाकल्या. अधूनमधून बोंबलाचं ताट वर जातं. परवाच भावजींनी त्यात मीठ जास्त असल्याचं त्याला लेखी कळवलं आहे.

आता राहिलं देवळाचं. फाटक झाल्यावर पहिल्या गुरुवारी मी चार पावलांत देवळात पोचले, गुडघ्यांनी कुरकूर केली नाही. गाभाऱ्यात बघते तर सुनीतावहिनी नाहीत. इतक्या वर्षांत मी प्रथमच त्यांच्या आधी पोचले होते. काळजी वाटून दाराशी येऊन उभी राहिले. तर मासळीवाल्यांच्या कोपऱ्यावरून दोघं येताना दिसली. त्या फाटकातून पाऊल टाकणार नाही असं भावजींनी जाहीर केलं होतं, आणि त्यांना एकटं इतकं लांब चालवणं वहिनींना बरं वाटलं नव्हतं. नैवेद्याचं ताट भावजींच्या हातात होतं. वळणावर थांबून ते मागे रिक्षा स्टँडकडे बोट करून वहिनींना काहीतरी दाखवत होते, बहुतेक रिक्षांच्या रांगेत खोट होती, आणि वहिनी मान हलवत उभ्या होत्या.

मी आत जाऊन त्यांच्यासाठी घंटा मोकळी ठेवली.